पुस्तकात ठेवलेली पट्टी

आमच्या धाकटीची नखं कधी स्वच्छ नसतात. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिराशी लग्न करून ती या घरात आली, तेव्हा मी तिचा चेहरा पाहायच्या आधी नखंच पाहिली. काळी, तुटकी, कडेला तेल मुरलेली. मनात म्हटलं, ही पोळी लाटणार की पोळीवर ठसे उमटवणार?

रोज दुपारी वहीत चार ओळी लिहायची मला सवय आहे. तिच्याविषयी मी आजवर जे लिहिलं ते कुणी वाचलं, तर त्याला वाटेल की ही बाई दारं आपटते, मोठ्यानं हसते आणि चहाचे कप विसळत नाही. एवढंच तिचं चरित्र. आज नीट लिहिते. इतकी वर्षं देवासमोर बसते आहे, निदान कागदाशी तरी खोटं बोलू नये.

धाकटी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करते. दोनशे यंत्रं आहेत, रोज त्यातलं एखादं रुसतं आणि ही त्याची समजूत काढते. आई तिची लहानपणीच गेली. वडिलांचं गाड्यांचं छोटं गॅरेज होतं. शाळेतून आली की जुन्या टायरवर बसून अभ्यास करायचा, अभ्यास झाला की नट उघडायचे पाने पुसून लहानमोठ्या आकारानं ओळीत मांडायचे. "लोकांची मुलं आईच्या मांडीवर वाढली, मी टायरवर वाढले, म्हणून अशी गोल," असं सांगून ती स्वतःच आधी हसते. लग्नाच्या आदल्या वर्षी वडीलही गेले. गॅरेज विकलं. माहेर म्हणून तिच्याकडे आता पान्यांची एक पिशवी आहे. मला ती "ताई" म्हणते. मी तिला पाठीमागे "धाकटी" म्हणते आणि समोर काहीच म्हणत नाही.

आता सासऱ्यांचं सांगायला हवं. बाबांनी तीस वर्षं एका बेकरीची व्हॅन चालवली. बेकरी बंद झाली तेव्हा मालकांनी ती व्हॅन त्यांनाच दिली. माझ्या लग्नाहून ती वयानं मोठी आहे आणि मानानंही. मागच्या बाजूला पावाच्या फळ्यांच्या खुणा अजून दिसतात. गेली बावीस वर्षं रोज सकाळी सहाला बाबा मला त्या गाडीतून टेकडीवर प्रार्थनेला नेतात. स्वतः आत येत नाहीत. मी आत देवाशी बोलते, ते बाहेर गाडीत बसून राहतात. परत येतो तेव्हा घर उठलेलं असतं आणि मग दिवसभर मी कुणाची ना कुणाची असते. जाऊन येऊन तो एक तास माझ्याकडे कुणी काही मागत नाही.

बाबा मुळात अबोल. गाडीत ते बोलले तर मी वहीत लिहून ठेवते. "ढग आलेत." "टायर बसलाय." एकदा माझ्या लेकीच्या आजारपणात म्हणाले होते, "झोपलीस का थोडी?" ते वाक्य मी दोनदा लिहिलं आहे.

तर, गेल्या महिन्यात गाडीनं किल्लीला उत्तर देणं सोडलं. किल्ली फिरवली की पोटातून एकदा "टक्" एवढाच आवाज. बाबा खाली वाकून हातोडीच्या दांड्यानं इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, स्टार्टरला, दोन टोले द्यायचे, मग ती कुरकुरत चालू व्हायची. पुढे टोल्यांनाही दाद देईना. तीन आठवडे मी चपला काढून, कमरेला ओढणी खोचून मागून गाडी ढकलत होते. कोपऱ्यावरचे मास्तर गॅलरीतून म्हणायचे, "चालू द्या! देव पावेल न पावेल, दंड मात्र पैलवानाचे होणार." एका सकाळी ढकलताना पाय घसरून माझा गुडघा फुटला, आणि त्या रात्री जेवताना माझ्या नवऱ्यानं जाहीर केलं, "पुरे. भंगारवाल्याशी बोललोय. सोमवारी सकाळी येतोय."

मी जेवणाच्या टेबलाशी उभी होते. हातातलं पातेलं खाली ठेवायचंही सुचेना. बाबा ताटाकडे बघत राहिले.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "एका स्टार्टरपायी गाडी भंगारात? दात दुखला म्हणून माणूस पुरतात का कोणी? शनिवार-रविवार मला द्या. अंगणातच बदलते."

"तू?" माझा नवरा.

"नाहीतर काय, भावोजी, तुम्ही?"

सगळे हसले. बाबा म्हणाले, "चालू झाली तर राहील. नाही झाली तर सोमवारी नेऊ दे." त्यांचं बोलणं म्हणजे घरात शेवटचं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पाव तास. मग बाबा उठले, आपल्या खोलीत गेले आणि पलंगाखालची लाकडी हत्यारपेटी ओढून घेऊन आले. त्या पेटीची बाहेरून धूळ पुसायची एवढीच मुभा मला बावीस वर्षांत मिळाली होती. ती त्यांनी धाकटीसमोर ठेवली, कडी काढली आणि म्हणाले, "घे, उस्ताद."

उस्ताद! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पातेलं घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं.

शनिवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. धाकटीनं चाकांना विटांची अडण लावली, जॅकनं पुढची बाजू उचलून खाली लाकडाचे ठोकळे सरकवले आणि बॅटरीची तार सोडवली. "काळी आधी," ती बाबांना म्हणाली, जणू बाबांना ठाऊक नव्हतं. "लाल आधी काढली आणि पाना कुठं टेकला, तर ठिणग्या बघायला गल्ली जमेल." बाबांनी मान डोलावली, परीक्षेत पहिला आलेल्या मुलाकडे बघून डोलवावी तशी. मग ती पुठ्ठ्यावर उताणी होऊन गाडीखाली शिरली. बाबा शेजारी स्टुलावर बसले, हातात टॉर्च.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत मटार सोलत होते.

"बाबा, हा वरचा बोल्ट कुणी आवळलाय? राक्षसानं?"

"मीच."

"मग या खाली आणि तुम्हीच काढा!"

"तेव्हा जोर होता हातात. लांब दांड्याचा पाना घे. आणि झटका नको देऊस, दाब देत राहा. गंजलेल्या बोल्टाला धीर लागतो."

आणि बाबा हसले. मी दाणे सोलता सोलता त्यांची वाक्यं मोजत होते. एक्केचाळिसाव्या वाक्यानंतर मोजणं सोडलं. माझ्या वहीत सबंध वर्षाची एवढी भरली नसती. बेकरीच्या काळात भर रस्त्यात गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी काय केलं, मालक कसे ओरडले, पाव कसे वाटून टाकले, सगळं सांगत होते. या घरात इतकी वर्षं भाकरी खाल्ली, मला यातली एकही गोष्ट ठाऊक नव्हती.

अकराच्या सुमाराला मोटर बाहेर आली. काळी, तेलकट, एखाद्या भोपळ्याएवढी जड. अंगणात पसरलेल्या वर्तमानपत्रावर तिनं ती ठेवली. दोघांनी दोन तारा लावून बॅटरीवर तपासली. "टक्." बस. "गेली बिचारी," धाकटी म्हणाली, आणि दुकान बंद व्हायच्या आत दुरुस्त केलेली दुसरी मोटर आणायला, जुनी पिशवीत घालून स्कूटरवरून निघून गेली.

आता अंगणात बाबा आणि मी. मला वाटलं, आज यांची जीभ मोकळी झालीच आहे, माझ्याशीही दोन शब्द बोलतील. ते गल्लीकडे बघत बसले.

बारा वाजता मी थोडा वेळ वाचन करते, आणि भोवती पसारा असला की माझं मन लागत नाही. म्हणून केरसुणी घेतली. वर्तमानपत्र तेलानं माखलं होतं, ते गोळा केलं. त्याला एक पोलादाची पट्टी चिकटली होती, बोटभर लांब, पानासारखी पातळ, दोन्ही टोकांना गोल भोक. फडक्यानं पुसली तर आरशासारखी लखलखली. शेजारी पायरीवर ठेवलेल्या माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकातली फीत कधीच तुटली आहे. मी ती पट्टी पानांत खूण म्हणून ठेवली. छान बसली. तेव्हा माझ्या मनात काहीही नव्हतं, हे देवाला ठाऊक आहे.

धाकटी परत आली, जेवली, पुन्हा गाडीखाली गेली. थोड्या वेळानं ओरडली, "थांबा थांबा! इथं काहीतरी होतं." बाहेर येऊन तिनं अंगण पालथं घातलं. "बाबा, इंजिनाला जिथं मोटर टेकते ना, तिथं एक चकचकीत चौकोन आहे. बाकी सगळा गंज. म्हणजे मध्ये पट्टी होती. काढताना मोटरला चिकटून आली असणार." मग खिडकीकडे बघून, "ताई, कागदावर पातळ पट्टी होती का हो? दोन भोकांची?"

मला लगेच कळलं. तिच्या हातात दोन बोल्ट होते आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन भोकं. मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "तिला नको विचारू."

नको विचारू! मी म्हणजे या घरातली केरसुणी. उस्ताद लोकांच्या कामातलं मला काय कळतंय!

"नाही बाई," मी म्हटलं. "मी नाही पाहिली."

शब्द तोंडातून गेला आणि मी रात्रीसाठी मटाराची भाजी फोडणीला टाकली.

पट्टीशिवाय तिनं मोटर बसवून पाहिली. किल्ली फिरवली तसा असा कर्कश आवाज झाला की मास्तर गॅलरीत आले. जणू कुणी विळ्यानं तवा खरवडत होतं. "मोटरचं छोटं दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात जरा जास्तच शिरतंय," धाकटीनं मलाच समजावून सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. "केसाएवढं मागं यायला हवं, ताई. तेवढ्यासाठी ती पट्टी. नाहीतर दोन्हींचे दात जातील." मग तिनं डब्यांचे पत्रे कापून पट्ट्या केल्या. पत्रा मऊ, बोल्ट आवळला की चुरगळायचा. पुन्हा तोच आवाज. मोटरवाल्याचं दुकान एव्हाना बंद झालं होतं, ते सोमवारी दुपारी उघडणार. भंगारवाला सोमवारी सकाळी येणार.

संध्याकाळ झाली. बाबा स्टुलावरून उठले. "राहू दे," म्हणाले. "नेऊ दे सोमवारी." हे बोलताना ते धाकटीकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते.

धाकटी नळाशी साखर आणि साबण हातावर घेऊन चोळत होती. ती हसत नव्हती. चार वर्षांत असं पहिल्यांदाच. मी टॉवेल घेऊन गेले.

"माझीच चूक, ताई," ती म्हणाली. "माझे बाबा सांगायचे, काढलेली वस्तू आधी वाटीत, मग बाकी सगळं. मी मोटर तशीच कागदावर ठेवली, तिला काय चिकटलंय ते पाहिलंच नाही. घाई झाली मला."

"कसली घाई?"

"दाखवायची. की येतं मला." नळ चालूच होता. "कारखान्यात यंत्र सुरू झालं की सगळ्या पुन्हा शिवायला लागतात. कोणी बघत नाही. बघणारा माणूस गॅरेजमध्ये होता. आज कितीतरी दिवसांनी कोणीतरी टॉर्च धरून बघत बसलं होतं." मग टॉवेल घेत म्हणाली, "तुमचं बरं आहे. ते रोज सकाळी तुमच्यासाठी किल्ली हातात घेऊन दारात उभे असतात. मी खिडकीतून बघते ना."

मला बरं वाटलं. लाज वाटायच्या आधी बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

रविवारी पहाटे टेकडीवर जायला गाडी नव्हती. मी घरीच देवासमोर बसले आणि पुस्तक उघडलं. पट्टी पानांत होती. पुसूनही तिचं तेल कागदात उतरलं होतं आणि दोन भोकांचे दोन गोल, चष्म्यासारखे, माझ्याकडे बघत होते. एक ओळ वाचवेना. उद्या गाडी गेली तर धाकटीचं काय जाणार होतं? ती सोमवारी कारखान्यात जाईल, दुसरं यंत्र उघडेल. जाणार होता तो माझा तास. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा म्हणतात, ती बाई मीच. आणि देवाला सांगायची तरी सोय होती का? पट्टी त्याच्याच पुस्तकात लपवलेली.

अंगणात गेले. गाडीखालून फक्त तिचे पाय दिसत होते. ती सकाळपासूनच पुन्हा पत्रे कापून लावत होती. मी गुडघ्यावर बसले, फुटलेल्याच, आणि हात खाली धरला.

"ही घे. पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती."

एक काळा हात आला, पट्टी घेतली.

"काल विचारलं तेव्हा विसरला होतात?"

"नाही. आठवत होतं."

पाय हलले नाहीत. मला वाटलं, आता ही बाहेर येणार आणि सगळं घर गोळा करणार. करावंच.

"ताई," गाडीखालून आवाज आला, "काल मी तीन डबे कापले. त्यातला गुलाबी तुमचा होता. बटणांचा."

"माझ्या लग्नातला?"

"झाकण तेवढं राहिलंय."

मला रडू येत होतं की हसू, कळेना. "मग फिटलं," मी म्हटलं.

"कुठलं फिटलं! डबा लहान, खोटं मोठं. पण देवानं स्पेअर पार्टचं दुकान टाकलंय हे आधी कळतं तर स्कूटरचं पेट्रोल वाचलं असतं. आता बसा वर. मी बोल्ट आवळते, काळी तार लावते. सांगेन तेव्हा किल्ली फिरवा."

बावीस वर्षांत मी बाबांच्या, चालवायच्या सीटवर बसले नव्हते. तिथून आमचं अंगण वेगळंच दिसतं. धाकटी बाहेर आली, बॅटरीशी खुडबुड केली, गिअर मोकळा आहे ना हे माझ्या हातावर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "हं, ताई!" मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. ना टक्, ना खरखर. एक गिरकी, आणि गाडी थरथरून बोलायला लागली. माझ्या मांड्यांपर्यंत ती थरथर आली.

दारात बाबा उभे होते. धाकटी त्यांना ओरडून म्हणाली, "मिळाली पट्टी! चाकाखाली पडली होती!" माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"उस्ताद," बाबा म्हणाले. तिलाच. टोचलं मला. तेव्हाही टोचलं.

सोमवारी सहाला आम्ही टेकडीकडे निघालो. पहिल्या वळणापर्यंत नेहमीसारखी शांतता होती. मग बाबा म्हणाले, "चाकाखाली नव्हती ती."

मी मांडीवरचं पुस्तक पिशवीत घातलं.

"तू पुसलीस, पुस्तकात ठेवलीस. मी समोरच बसलो होतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी गिअर बदलला. "मला वाटलं, तुलाच गाडी नको झालीय. रोज पाचला उठतेस. थंडी असो, ताप असो. गुडघाही फुटला. म्हातारा नेतो म्हणून बिचारी जाते, तोंडानं नाही म्हणता येत नाही, असं वाटलं. म्हटलं, नको तर नको. जाऊ दे गाडी. म्हणून तिला म्हटलं, तुला विचारू नको."

इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि जे बोलले ते सगळं उलटं होतं. मला गाडी नको! मी खिडकीबाहेर बघितलं. खोटं सांगून सुटता आलं असतं, विसरले म्हणून.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुम्ही दिवसभर तिच्याशी बोलत होतात. मला हेवा वाटला. म्हणून नाही दिली."

दोन वळणं गेली. मला वाटलं, आता गाडी मागं फिरवतात की काय.

"तिच्याशी बोलावंच लागतं," शेवटी बाबा वैतागून म्हणाले. "ती गप्प बसू देते का माणसाला? डोकं उठलं माझं परवा."

मी हसू दाबलं ते टेकडीपर्यंत. उतरताना त्यांनी विचारलं, "आता खुणेला काय ठेवणार पुस्तकात?" मी म्हटलं, बघू. हे सगळं मी वहीत लिहिलं आहे, एकेक वाक्य.

परत आलो तर भंगारवाला फाटकाशी उभा होता आणि धाकटी त्याला सांगत होती, "काका, उशीर केलात. आता तुम्हीच बसा, ही गाडी तुम्हाला घरी सोडून येईल." तो बडबडत गेला. बाबा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि मला नाही, तिला हाक मारली, "उस्ताद, जरा आवाज ऐक. पंख्याचा पट्टा सैल वाटतो." लगेच दोघांची डोकी आत. तिचं हसणं, त्यांचं "हा बघ, असा दाब". कारखान्याला उशीर होत होता तरी ती हलेना.

पोटात दुखलं. प्रार्थनेहून येऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तरी दुखलं. मी स्वयंपाकघरात गेले, एक खोलगट वाटी घेतली, अंगणात नेऊन त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हटलं, "काढाल ते सगळं यात टाका. मी आता केर काढणार आहे."